स्कर्टिंग आधी, कॉर्निस नंतर

घरातल्या भिंतींच्या कडांच्या पट्ट्या निवडायला जमिनीपासून सुरुवात करा, म्हणजे स्कर्टिंगपासून, भिंतीच्या तळाशी फरशीलगत लावतात त्या पट्टीपासून. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात, त्यामुळे एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) स्कर्टिंग कितीही देखणी दिसली तरी घेऊ नका. खालच्या कडेतून पाणी शिरलं की ती फुगते, आणि फुगलेली परत बसत नाही. टाइलची किंवा ग्रॅनाइटची ३-४ इंची पुरे. गवंड्याला प्लास्टरच्या आधीच सांगा, ती भिंतीत दाबून समपातळीत बसव. बाहेर आलेल्या कडेवर धूळ साचते आणि कपाटही भिंतीला टेकत नाही.

दाराच्या चौकटीभोवती मात्र लाकडी पट्टी हवीच. लाकूड आणि प्लास्टर वेगवेगळं हलतं, सांध्यात चीर पडतेच, नुसती पुट्टी टिकत नाही. बाथरूमच्या दाराला डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची पट्टी घ्या. कोपरे ४५ अंशांत कापायचे, पण आधी कोन तपासा. काटकोनी भिंत क्वचितच मिळते.

पीओपी कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छताच्या सांध्यावरची प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी? छत ९ फुटांचं असेल तर साधा, अरुंद गोलवाच बरा. वेलबुट्टीत फक्त जळमटं अडकतात. पावसाळ्यात करणार असाल तर पीओपी पूर्ण वाळल्याशिवाय रंगाऱ्याला हात लावू देऊ नका.