एडिटरमध्येच एचटीएमएल तपासायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की पीएचपीचं (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) पान व्हीएस कोड या एडिटरमध्ये लिहिता, एडिटर एकही चूक दाखवत नाही, ब्राउझरमध्येही सगळं ठीक दिसतं, आणि डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासणीच्या साइटवर सोर्स पेस्ट केला की चुकांची रांग लागते. दरवेळी पेस्ट न करता हे एडिटरमधूनच होईल का? होईल, आणि नीट होईल. पण आधी एक गोष्ट बघा, म्हणजे कुठलं साधन घ्यायचं हे आपोआप ठरेल.

व्हीएस कोड मुळात एचटीएमएलच्या आतली सीएसएस आणि जावास्क्रिप्ट तपासतो. कुठला टॅग कुठल्या टॅगच्या आत चालतो, हे तो तपासत नाही. ब्राउझर तर चूक सापडली तरी सांगत नाही, स्वतःच्या नियमांनी सावरून घेतो. उदाहरण घ्या: पी टॅग उघडला, आत डिव्ह टाकला, शेवटी पी बंद केला. डिव्ह दिसताच ब्राउझर पी तिथेच बंद करतो. मग शेवटचा बंद करणारा पी येतो तेव्हा उघडा पी शिल्लकच नसतो, म्हणून ब्राउझर एक नवा रिकामा पी तयार करतो. पानावर खाली उगाच मोकळी जागा दिसते, डिव्हमधल्या मजकुराला पीची स्टाइल लागत नाही, आणि माणूस दुपारभर सीएसएस खणत बसतो. तपासणीत यासाठी जी ओळ दाखवतात ती शेवटच्या पीची असते, खरं कारण त्याच्या वर असतं. म्हणून यादीतली पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. खालच्या बऱ्याच त्यासोबतच जातात.

आता साधनं. एचटीएमएलहिंट हे एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची पुरवणी) बसवायला सोपं आहे. न जुळलेले टॅग, दोनदा आलेला आयडी, ऑल्ट नसलेलं चित्र एवढं ते पकडतं; वरच्या पी-डिव्हसारख्या चुकांसाठी ते पुरत नाही. एचटीएमएल-व्हॅलिडेट त्यापेक्षा बरंच कडक आहे, तुमच्याच मशीनवर चालतं आणि लिहिता लिहिता चूक दाखवतं. साध्या स्थिर पानांना मी तेच सुचवेन. काही एक्स्टेन्शन्स मात्र तुमचा कोड बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवून तपासतात. क्लायंटचं अजून प्रसिद्ध न झालेलं पान असेल तर ती वापरू नका, आधी माहितीत नीट वाचा.

तुमच्या कामाला मात्र यातलं एकही पुरणार नाही, कारण पीएचपीची फाइल म्हणजे एचटीएमएल नव्हे. हेडर एका फाइलमध्ये, फूटर दुसरीत. तपासणाऱ्याला अर्धवट पान दिसतं आणि तो खोट्या चुका सांगतो. ब्राउझरला जे पोचतं तेच तपासायला हवं. त्यासाठी न्यू एचटीएमएल चेकर (Nu Html Checker) उतरवून घ्या. डब्ल्यूथ्रीसीच्या साइटवर मागे हाच चालतो. जार फाइल आहे, त्यामुळे जावा लागतं. त्याला लोकलहोस्टचा, म्हणजे तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या पानाचा, पत्ता द्या आणि हीच आज्ञा व्हीएस कोडमध्ये टास्क म्हणून ठेवा, शॉर्टकट जोडा. ओळ क्रमांक तयार पानाचा येतो, म्हणून ब्राउझरमध्ये कंट्रोल-यू दाबून ती ओळ बघा आणि जवळचा क्लास प्रोजेक्टमध्ये शोधा. ब्राउझरच्या इन्स्पेक्टमधून कॉपी करून तपासू नका. तिथे ब्राउझरने आधीच दुरुस्त केलेली रचना असते, पी-डिव्हची चूक त्यात दिसणारच नाही.

मराठी पानं करणाऱ्यांनी एका चुकीपासून खास जपावं. मेटा चारसेट, म्हणजे पानाचं एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये कशी साठवली आहेत ते) सांगणारा टॅग, पानाच्या पहिल्या 1024 बाइट्समध्ये पूर्ण यायला हवा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट्स घेतं. म्हणजे वर मराठीत मोठी कॉमेंट किंवा लांबलचक शीर्षक आणि वर्णन टाकलं तर 341 चिन्हांतच मर्यादा संपते. सर्व्हर पानासोबतच्या माहितीत (एचटीटीपी हेडरमध्ये) एन्कोडिंग पाठवत असेल तोवर काही जाणवत नाही. तीच फाइल दुसऱ्या होस्टिंगवर गेली की अक्षरांचा चुराडा होऊ शकतो. चारसेट हेड उघडल्याबरोबर, शीर्षकाच्याही आधी लिहा. आणि एचटीएमएल टॅगवर भाषा म्हणून एमआर (mr, मराठीचा कोड) द्या. स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडायला तेच उपयोगी पडतं.

सुरुवातीला चेकरचा फक्त एरर दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर बीआर, आयएमजी यांच्या शेवटच्या तिरक्या रेघेबद्दल ढीगभर सूचना येतील. तुम्ही प्रीटियर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ती रेघ काढूनही उपयोग नाही, फाइल सेव्ह केली की तो परत घालतो.