मधमाशीला 'माशी' म्हणणे चूक आहे का?

विचारणा अशी आहे: जीवशास्त्र मधमाशीला माश्यांच्या गणात धरत नाही, मग 'मधमाशी' हा शब्द चुकीचा म्हणायचा का?

अजिबात नाही. संस्कृत 'मक्षिका', प्राकृत 'मच्छिआ' आणि त्यावरून आपली 'माशी'. संस्कृतात मधालाच 'माक्षिक' असे एक नाव आहे, म्हणजे मक्षिकांनी केलेले. तेव्हा 'माशी' या शब्दात मधमाशी मागून घुसलेली नाही, ती मुळापासून तिथे आहेच. कीटकांचे गण पाडले गेले ते फार नंतर.

शास्त्रातला गण म्हणजे डिप्टेरा, मराठीत 'द्विपंखी'. दोन पंखांची ही खूण अॅरिस्टॉटलने टिपली होती. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनीअसने १७५८ साली गणाला तेच नाव दिले. मधमाशीला पंख चार. मागचे पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, म्हणून उडताना दोनच वाटतात. गांधीलमाशीही तशीच, दोघी मुंग्यांच्या गणातल्या. पिकावरची पांढरी माशी तर मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातली. उलट डास आणि चिलटे पक्की द्विपंखी, पण त्यांना माशी कोणी म्हणत नाही.

मात्र 'द्विपंखी' शब्दही अक्षरशः घेऊ नये. मेंढ्यांच्या लोकरीत राहून रक्त पिणारी एक माशी बिनपंखी असते, तरी गण हाच. खवले किडींच्या नरांना बहुधा दोनच पंख असतात, पण ते या गणात नाहीत. खरी ओळख संतोलकांची: मागच्या पंखांच्या जागी उरलेले, टोकाला गाठ असलेले दोन दांडे. उडताना ते पंखांबरोबर हलतात आणि शरीर जरा वळले की मज्जासंस्थेला कळवतात. ते काढले तर माशीचा तोल जातो. पंखांची संख्या मोजण्यापेक्षा मला ही खूण कितीतरी अधिक रंजक वाटते. (बिनपंखी माश्यांत संतोलकही अनेकदा नाहीसे होतात, तिथे इतर अवयव आणि डीएनए पाहावे लागतात.)

'खऱ्या माश्या' हा प्रयोग हल्ली दिसतो. तो मला रुचत नाही, कारण त्यामुळे मधमाशी उगाच खोटी ठरते. दीड लाखाहून अधिक ज्ञात जातींच्या या गणाबद्दल लिहायचे असेल तेव्हा 'द्विपंखी कीटक' लिहावे. एरवी मधमाशी, गांधीलमाशी, फळमाशी, गोमाशी खुशाल लिहाव्यात. त्यांतल्या शेवटच्या दोन द्विपंखीही आहेत.