वार ठरव

प्रिय बाय,

परवा तू फाटकाशीच उभी राहिलीस. आत ये म्हटलं तर "बाई, पाच मिनिटांत घरी जायचंय" म्हणालीस आणि पाऊण तास बोलत राहिलीस. पुण्याची नोकरी, पंधरा दिवसांत द्यायचं उत्तर, कुंडईला रात्रपाळी करणारे बाबा, ऑटिझम असलेला, न बोलणारा एकोणीस वर्षांचा भाऊ आणि या सगळ्याच्या मधोमध त्याचं सगळं करणारी तुझी आई. जाताना विचारलंस, "मी गेले तर स्वार्थी ठरेन का?"

मी काही बोलले नाही, कारण मला राग आला होता. तुझा नव्हे. तुझ्या वयाची असताना हाच प्रश्न मी वर्षानुवर्षं घोकत बसले आणि त्या वर्षांत जे करायचं ते राहून गेलं, त्याचा राग. हा प्रश्न मला पुन्हा विचारू नकोस. त्याचं उत्तर हो आलं काय नि नाही आलं काय, तुझ्या आईला एक तासही मोकळा मिळत नाही.

तुमच्या घरात वार ठरलेला नाही, ही खरी अडचण आहे. बाबा रात्रपाळी करतात, पण त्यांनासुद्धा आठवड्याची एक सुट्टी असते. तुझ्या आईला गेल्या एकोणीस वर्षांत ती किती वेळा मिळाली? आजारपण, बाराव्याला जाणं, डॉक्टरांकडच्या रांगा सोडून सांग. दर आठवड्याला ठरलेला एक वार, ठरलेले तास, आणि त्या तासांत भाऊ दुसऱ्या कुणाच्या तरी हाती. मी एवढंच सांगणार आहे. पत्रभर तेच सांगणार आहे, कंटाळू नकोस.

माझा धाकटा भाऊ तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. चालता येत नव्हतं, बोलणं घरच्यांनाच कळायचं. आईनं त्याला तान्हा असताना उचललं ते एकतिसाव्या वर्षापर्यंत उचललं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत खाटेवर. मी लग्न होऊन दोन गावं पलीकडे होते. शनिवारी शाळा सुटली की यायचे, त्याच्यासाठी खाजं आणायचे, तासभर बसायचे, चहा प्यायचे. तो चहासुद्धा आईच करायची. मी लेक होते, पण पाहुणी म्हणून येत राहिले. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

आईचं अंग बाहेर यायला लागलं होतं. तिनं ते अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. ऑपरेशन म्हणजे इस्पितळात राहणं, मग वजन उचलायचं नाही, आणि मग त्याला उचलणार कोण? शेवटी ताप चढला तेव्हा धावपळ करून तिला दाखल केलं आणि मी रजा टाकून त्याच्याजवळ राहिले. तीन दिवस त्यानं तोंड उघडलं नाही. मी भात मऊ केला, आईसारखा कालवला, चमचा बदलला, गाणं म्हटलं. तो दाराकडे बघत राहिला. एकतीस वर्षांत एकही घास त्यानं दुसऱ्या हातानं खाल्लेला नव्हता आणि एकही रात्र तिच्याशिवाय काढलेली नव्हती. आम्ही सगळे म्हणायचो, आईला त्याची सवय झाली आहे. सवय त्याला झाली होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून लावली होती.

म्हणून वार ठरव म्हणते. विसावा आईला हवाच. पण तुझ्या भावाला दुसऱ्या माणसाचा सराव हवा, आणि तो सराव संकटाच्या दिवशी सुरू करता येत नाही. आई ठणठणीत असताना, काही अडलेलं नसताना करायचा. अडल्यावर शोधलेला माणूस त्याच्यासाठी परकाच असतो.

तू म्हणशील, आई ऐकणार नाही. "माझ्याशिवाय त्याचं कुणाला जमत नाही," म्हणेल. माझी आईही म्हणायची, आणि त्यात तिचा अभिमान होता. तिला दुसरा कसला अभिमान बाळगायला आपण जागा ठेवली होती? माहेरी ती धालोत, बायकांच्या त्या नाचगाण्यात, पुढे उभी राहून गायची. पौष महिन्यात मांडावर, धालोच्या ठरलेल्या अंगणात, बायका जमल्या की तिच्या आवाजावाचून सुरुवात होत नसे, असं मावशी सांगायची. मी तिला मांडावर एकदाही पाहिलं नाही. लोक येऊन सांगायचे, "देवानं अशी मुलं अशाच आयांना दिली." तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते उठून जायचे. त्यांतल्या एकानं जरी "बुधवारी दोन तास मी बसतो" म्हटलं असतं तर! तुझ्या आईचीही अशी स्तुती होते, मी ऐकलंय. त्या माणसांना वार विचार. मी गंभीरपणे सांगते, विचार. दहातला एक हो म्हणतो, आणि आपल्याला एकच हवा असतो.

आपल्याकडे हे कुणाला नव्यानं शिकवायला नको. वास्कोच्या दामोदर सप्ताहात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भजन सुरू होतं ते चोवीस तास अखंड चालतं. आपल्या देवळातही लहान प्रमाणात तेच होतं, वाड्यावाड्यांच्या पाळ्या लागतात. भजन थांबवायचं नसतं म्हणूनच गाणारे बदलतात. रात्री दोनची पाळी ज्यांची असते ते झोपेतून उठून येतात आणि आधीचे घरी जाऊन झोपतात. आधीच्यांनी भक्ती सोडली असं कुणी म्हणत नाही. मग घरातल्या बाईनं टाळ दुसऱ्याच्या हाती दिले की तिच्याकडे बोट का दाखवायचं?

आई गेल्यावर भाऊ माझ्याकडे आला. तेव्हा मी वार ठरवला: बुधवार, तीन ते सात. शाळेच्या वेळात पगारावर एक बाई यायच्या, पण ते तास मी धरत नव्हते. तूही धरू नकोस. कामावर जाणं म्हणजे विसावा नव्हे. बुधवारी शेजारची मावशी येऊन बसायची. मी फोंड्याच्या बाजारात फिरायचे, कधी वाचनालयात बसायचे, कधी नुसती तळ्याकाठी. सासरच्यांना ते पटलं नाही. "सख्खा भाऊ, आणि बहीण बाजारात!" मी वार मोडला नाही.

दुसऱ्या वर्षी एका बुधवारी त्याला फीट आली आणि मी घरी नव्हते. मावशीनं मी शिकवलं होतं तसंच केलं: कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, धरून ठेवलं नाही, घड्याळ बघितलं, डॉक्टरांना फोन केला. मी आले तेव्हा तो झोपला होता. मी घरी असते तर यापेक्षा काहीही वेगळं केलं नसतं. तरी पुढचे सहा महिने मला ऐकवलं गेलं. मी पळून गेले नव्हते, बाय. हे मी अजून सांगत असते, कुणी विचारलं नाही तरी. तीन ते सात, चार तास. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास असतात.

पण त्यानंतरचे दोन बुधवार मी गेले नाही. भीतीनं नव्हे, लाजेनं. तिसऱ्या बुधवारी तीनच्या सुमाराला तो दाराकडे बघून हुंकार द्यायला लागला, इतका की मला वाटलं पुन्हा काहीतरी होतंय. त्याला मावशी हवी होती. ती त्याच्यासाठी रेडिओ लावायची, सोबत सुपारी कातरत बसायची, गावभरच्या गोष्टी सांगायची. मी मात्र त्याला भरवायचे, पुसायचे, औषध द्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. बुधवार जितका माझा तितकाच त्याचा होता आणि दोन आठवडे मी तो त्याच्याकडून काढून घेतला होता.

आता कामाचं. पाठकोरी वही आण आणि तिच्यात भाऊ उतरव. आईच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आलं नाही तर दुसरा माणूस कधीच तयार होणार नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकतो. पोट दुखलं की मनगट चावतो. हुमण, माशाची आमटी, भातावर घातलेलं चालत नाही, वेगळ्या वाटीत लागतं. कदंबा बसचे बोर्ड वाचायला मिळाले की शांत होतो. औषधं कुठली, किती वाजता, चुकली तर काय. हे तू मला फाटकाशी सांगितलंस तेच आहे, फक्त लिही.

मग पहिले दोन आठवडे आई आतल्या खोलीत, माणूस त्याच्याजवळ. पुढे आई दुकानापर्यंत, मग देवळात, मग अर्धा दिवस. एक रात्र सगळ्यात शेवटी, घाई नको. आंघोळ आणि कपडे बदलणं कोण करणार, कोण नाही, हे आधीच ठरवायचं. न सांगता डोकावणारं आणखी एक माणूस हवं. कितीही ओळखीचा माणूस असला तरी यात संकोच करायचा नाही. आणि भाऊ बोलत नाही म्हणून त्याला मत नाही असं धरू नकोस. तो माणूस आल्यावर तो कसा बसतो, गेल्यावर कसा झोपतो, ते बघ. त्याला नको असेल तर माणूस बदल, वार मोडू नकोस. शेजारणीला पैसे दे. नाही म्हणाली तरी दे. उपकारावर चाललेला वार दोन महिन्यांत बुडतो.

कागदपत्रं तुझ्याकडे आहेत का, हेही मला त्या दिवशी विचारायचं होतं. भाऊ अठराचा झाला तेव्हाच आईबाबांचं कायदेशीर पालकत्व आपोआप संपलं. ऑटिझम असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखालची स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतचा खर्च देते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर ते घरखर्चात मिसळू देऊ नका, त्यातला वाटा वाराच्या माणसासाठी बाजूला काढा. शाळेचा आधार सुटल्यावर प्रौढांसाठी दिवसाची काय सोय आहे ते ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानात आणि पर्वरीच्या संजय सेंटरमध्ये स्वतः जाऊन विचार. फोनवर नको.

आणि मागायला लाजू नकोस. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं काळजी घेणाऱ्याची व्याख्या केली आहे आणि त्यात आईवडील येतात, पैसे न घेता करणारे येतात. जास्त आधार लागणाऱ्यांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद त्यात लिहिलेली आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' नावानं अशा माणसांना दरमहा ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण घरात बसून हे करणारी बाई काम करते आहे, हे एका सरकारनं कागदावर मान्य केलं. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ साली मान्य केला. गरीब घरांना या विसाव्यासाठी मदत द्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पणजीत २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, चाकाच्या खुर्च्या समुद्राच्या वाळूवर गेलेल्या पाहून मी रडले होते. माझा भाऊ पन्नास वर्षं गोव्यात राहिला आणि त्यानं समुद्र दोनदा पाहिला. पण उत्सव उरकला की बुधवार येतोच. पंचायतीत जाऊन बुधवार माग. समाजगृह आठवडाभर रिकामं असतं. आपल्या वाड्यावर अशी चार घरं मला माहीत आहेत. चार आया पाळीपाळीनं बसल्या, दोन तरुण मुलं मदतीला आली, तर महिन्याचे चार बुधवार उभे राहतात. मी हे पंधरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. माझा वार चालला होता म्हणून मी बाकीच्या घरांकडे बघितलं नाही. त्याला मात्र माझ्याजवळ काही सबब नाही.

पुण्याला जा किंवा जाऊ नकोस. गेलीस तर महिन्यातला एक शनिवार-रविवार तुझा, लिहून ठेवलेला. आणि माझ्यासारखी खाजं घेऊन येऊ नकोस. आल्याबरोबर वही हातात घे आणि आईला बाहेर पाठव. राहिलीस तरी वार ठरवायचाच आहे. नाहीतर पाच वर्षांनी एकाच खाटेशी दोन बायका दमलेल्या असतील. बाबांनाही त्यांच्या सुट्टीतले तीन तास माग. त्यांना जमणार नाही असं तूच ठरवलं आहेस, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

पहिला बुधवार माझा. तीन वाजता येते. माझे गुडघे आता फार चालू देत नाहीत, पण बसच्या बोर्डांसमोर बसायला गुडघे लागत नाहीत. तो आणि मी तिस्कावरच्या थांब्यावर बसू. आईला सांग, पहिल्या दिवशी लांबूनच चालत मागे आली तरी चालेल. वही तयार ठेव, आणि त्याला चहा किती गोड लागतो तेवढं पहिल्या पानावर लिही.

तुझी,
बाई