टॉप ट्यूबवर ‘सुरंगी’ लिहिताना

जुनी रॅले टूरर सायकल, बाटलीहिरवा पावडर कोट (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग), टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर, सोनेरी अक्षरांत तिचं नाव ‘सुरंगी’. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) स्टिकर लावू की पेंटरकडे जाऊ, असं तुम्ही विचारलंय. पेंटरकडेच जा, पण चवथीपूर्वी नको. पावसाळ्यात गोव्यातल्या म्हापशासारख्या दमट हवेत इनॅमल रंग वरून सुकल्यासारखं लागतं, आत मऊच राहतं. नखाने दाबल्यावर खूण उमटली तर रंग कच्चा समजा. दसऱ्यानंतर सलग ऊन पडू लागलं की नाव घाला.

स्टिकर नको, कारण गोल नळीवर वेलांटी-उकाराची बारीक टोकं आधी सुटतात आणि कडेखाली खारट ओल व धूळ बसते.

आता माप. जुन्या ब्रिटिश फ्रेमची टॉप ट्यूब बहुधा १ इंचाची, म्हणजे घेर सुमारे ८० मिमी. बाजूने सरळ दिसते ती मधली १५-१६ मिमीची पट्टी. ‘सुरंगी’त वर अनुस्वार आणि वेलांटी, खाली उकार, त्यामुळे अक्षराच्या अंगाला जेमतेम ८ मिमी उरतात. ‘अबोली’ नाव असतं तर त्याला खाली काही नाही, तिथे १० मिमी मिळाले असते. पण नाव ‘सुरंगी’च ठेवा, फार गोड आहे; फक्त अक्षरं मोठी करायच्या मोहात पडू नका. शिरोरेषा दीड मिमीची पुरे. ती नळीला अगदी समांतर हवी, कारण नळीची कड शेजारीच असते आणि केसभर तिरकेपणाही लगेच दिसतो. उजव्या बाजूला नाव सीटकडून सुरू होईल, डाव्या बाजूला हँडलकडून. ब्रेक केबलच्या क्लिपा टाळून जागा धरा, नाहीतर केबल अक्षरांवर घासेल.

पावडर कोट गुळगुळीत असतो. त्यावर थेट लिहिलं तर इनॅमल सालीसारखं निघतं. म्हणून नावाच्या पट्टीपुरताच ८०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यातून फिरवून चकाकी मारा, टर्पेंटाइनने पुसा, सुकू द्या. नाव कागदावर खऱ्या मापात काढून टाचणीने भोकं पाडा आणि खडूची पूड थापून उतरवा. रंगात टर्पेंटाइन ५ ते १० टक्केच. जास्त झालं की अक्षर ओघळतं. चूक ओली असतानाच पुसायची. ट्रॉलरवर नावं रंगवणारा पेंटर मिळाला तर उत्तम, त्याचा हात वक्र पृष्ठभागावर बसलेला असतो.

वरून टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारू नका. त्यातलं थिनर कच्च्या इनॅमलला उचलतं आणि अक्षरं सुरकुततात. महिनाभराने कार्नोबा वॅक्स (पॉलिशचं मेण) लावा, तेवढं पुरतं.

हँडलच्या सुती टेपला चपडी लाख छान दिसते: २५० मिली स्पिरिटमध्ये ५० ग्रॅम, रात्रभर विरघळवून गाळून, पाच-सहा पातळ हात. हे कामही कोरड्या दिवशीच करा, ओलाव्यात लाख पांढरी पडते. हेडबॅजवरचा, म्हणजे पुढच्या नळीवरच्या कंपनीच्या बिल्ल्यावरचा, बगळा रंगीत असेल तर पितळ घासायची पावडर लावू नका, रंग निघून जाईल. ओल्या मऊ कापडाने पुसा.

यंदाच्या खंडेनवमीला सायकल निनावीच पुजा. माळ अबोलीची असो वा झेंडूची, पाणी झटकूनच घाला. हळद-कुंकू सुती टेपवर नको, डाग जात नाही. मडगार्डच्या टोकाला लावा. दुसऱ्या दिवशी माळ काढून क्रोम कोरडं पुसा. ओली फुलं तशीच राहिली तर त्यांच्याखाली तपकिरी ठिपके येतात.