जिन्यापायी सहाशे पौंड जास्त का?

प्रश्न: ब्रिस्टलच्या टॉटरडाउन भागात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, लिफ्ट नाही. ऑफिस फिल्टनला, एका बाजूचं अंतर सुमारे १० किलोमीटर. पगार वर्षाला ४६,००० पौंड. बसला महिन्याला ८० पौंड जातात, भारतात आई-बाबांना दरमहा ३०० पौंड पाठवतो. येत्या वसंतात पहिलं घर घ्यायचा विचार आहे. सरळ हँडलच्या दोन हलक्या ई-सायकली पाहिल्या: स्पेशलाइज्ड टर्बो वाडो एसएल ४.० (२,६०० पौंड) आणि ट्रेक एफएक्स प्लस २ (१,९५० पौंड). कंपनीत सायकल टू वर्क योजना आहे (कंपनी सायकल भाड्याने देते आणि भाडं कर लागण्याआधीच्या पगारातून कापते). कोणती घेऊ, आणि कशी?

उत्तर: आधी दोन्हींची किंमत एका पातळीवर आणू. ट्रेकवर मडगार्ड, कॅरिअर आणि दिवे बसवलेलेच येतात. वाडोच्या साध्या मॉडेलला मडगार्ड आणि कॅरिअर वेगळे घ्यावे लागतात, त्याचे १५० पौंड धरा. दोन्हींवर चांगलं कुलूप आणि हेल्मेट मिळून आणखी १५०. म्हणजे वाडो २,९०० ला पडते आणि ट्रेक २,१०० ला. हे सगळं सामान योजनेत बसतं, त्यामुळे ते खिशातून वेगळं घेऊ नका.

तुमच्या पगारावर योजनेतल्या कपातीत २० टक्के इन्कम टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) वाचतो. वाडोसाठी हातातला पगार वर्षभरात २,०८८ पौंडांनी कमी होईल, ट्रेकसाठी १,५१२ ने. जाहिरातीत दिसते ती २८ टक्क्यांची बचत एवढीच. पण वर्ष संपलं तरी सायकल तुमची झालेली नसते, ती भाड्याने घेतलेली असते. एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर खात्याच्या) तक्त्याप्रमाणे ५०० पौंडांवरच्या सायकलीचं मूल्य एका वर्षानंतर मूळ किमतीच्या २५ टक्के धरतात. त्याच दिवशी विकत घेतली तर वाडोचे ७२५ पौंड वर द्यावे लागतील, एकूण २,८१३. इतकी कागदपत्रं करून वाचले फक्त ८७ पौंड! त्याऐवजी भाडेकरार आणखी ३६ महिने वाढवून घ्या. चार वर्षांनंतरचं मूल्य ७ टक्के असतं. मग वाडो २,२९१ ला पडते, ट्रेक १,६५९ ला. फरक ६३२ पौंडांचा.

या ६३२ पौंडांत तुम्हाला मिळतं काय? वाडो साधारण १५ किलोची, ट्रेक १८ च्या आतबाहेर. वाडोत ३२० वॅट-अवरची बॅटरी, ट्रेकमध्ये २५०. दोन्हींत ती फ्रेमच्या आत असते आणि रोज काढून घरात नेता येत नाही, म्हणून चार्जिंगला अख्खी सायकल वर न्यावी लागते. ट्रेकची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे, वाडोची पेडलपाशी. टॉटरडाउनसारख्या चढावर हा फरक जाणवतो. पेडलपाशीच्या मोटरला गिअरचा फायदा मिळतो. हब मोटर चढावर वेग पडला की दमते. उलट, पेडलपाशीच्या मोटरचा सगळा जोर साखळीवर येतो, त्यामुळे साखळी आणि मागचे दाते लवकर झिजतात. साखळी मोजायचं साधन सात-आठ पौंडांना मिळतं. साखळी वेळेवर बदलली तर दात्यांचा खर्च टळतो. ट्रेकची कटकट वेगळी: मागचं चाक पंक्चर झालं की मोटरची केबल सोडवून नट काढावे लागतात. पावसात, रस्त्याच्या कडेला हे जड जातं, म्हणून पंक्चर-प्रतिबंधक टायर पहिल्या दिवसापासून घाला.

बॅटरीचा हिशेब मी मोटरपेक्षा महत्त्वाचा मानतो. चढउताराच्या रस्त्यावर किलोमीटरमागे ९ वॅट-अवर धरले तर जाऊन-येऊन १८० लागतात. नव्या २५० च्या बॅटरीला ते जमतं. काही वर्षांनी ती ८० टक्क्यांवर आली की उरतात २००, आणि थंडीत त्याहून कमी. तेव्हा संध्याकाळी परतीच्या चढावर मदत संपेल. ऑफिसात चार्जिंगची परवानगी असेल तर हा प्रश्नच मिटतो आणि ट्रेक पुरेशी आहे. नसेल तर वाडोचं पारडं जड. नवी बॅटरी ४०० ते ६०० पौंडांची धरून चाला.

बसचा खर्च पूर्ण शून्य होणार नाही. महिन्याला ५५ पौंड वाचतील असं धरा. देखभालीचे वर्षाला १५० वजा केले की हातात उरतात ५१०. ट्रेकचे पैसे सव्वातीन वर्षांत फिटतात, वाडोचे साडेचार. यात विमा धरलेला नाही. घरातल्या सामानाच्या विम्यात एका सायकलीला किती रकमेपर्यंत संरक्षण आहे ते बघा, बऱ्याचदा ते पुरत नाही. सायकल चोरीला गेली तरी पगारातली कपात चालूच राहते.

आता घराचं. माझा आग्रह आहे की घराची चावी हातात येईपर्यंत योजनेच्या करारावर सही करू नका. काही बँका कपातीनंतरचा पगार धरतात. पगाराच्या साडेचार पट कर्ज या हिशेबाने २,९०० पौंडांची कपात कर्जाची मर्यादा १३,०५० पौंडांनी खाली आणू शकते. दुकानाचं शून्य व्याजाचं कर्जही नको, ते क्रेडिट फाइलवर दिसतं. आणि मुख्य म्हणजे, तीन किलो हलकी सायकल तुम्हाला हवी आहे ती आजच्या जिन्यासाठी. नवं घर तळमजल्याचं असेल, शेड असेल, तर त्या हलकेपणाचे ६३२ पौंड वाया जातील. ते आत्ता घराच्या डिपॉझिटमध्येच राहू देत.

त्यामुळे माझा कौल: घर झाल्यावर, ऑफिसात चार्जिंग मिळत असेल तर ट्रेक. मात्र नवीन घरही चढावरच असेल, तर आधी लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन त्याच चढावर ती चालवून बघा. दुकानं चाचणीला सायकल देतात. तिथे ती कुंथली तर वाडोला जास्त पैसे देणं योग्य आहे.

सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा. कंपनीचा पेन्शनचा वाटा कपातीआधीच्या पगारावर काढतात की नंतरच्या? नंतरच्या असेल तर, कंपनीचा वाटा ३ टक्के धरला, तर वाडोवर ८७ पौंड जातात. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर उरलेली रक्कम कशी घेतात? ती शेवटच्या पगारातून कर कापल्यानंतर घेतली जाते आणि तेवढ्या भागाची बचत बुडते. आणि मुदत वाढवण्याचा पर्याय करारातच लिहिलेला आहे का? स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर चौथा प्रश्न: कपातीचा पगाराच्या किमान अटीवर काही परिणाम होतो का?

आई-बाबांच्या ३०० पौंडांना हात लावायची गरज नाही. ट्रेकची निव्वळ कपात महिन्याला १२६ पौंड होते. बसचे ५५ वाचले की प्रत्यक्ष भार ७१ चा.