चिमीचं उष्टावण आणि तुझा प्रश्न

प्रिय मनू,

"बाबा, बाळानं तोंड घट्ट मिटलेलं असताना घास कोंबायचा, याला आपल्याकडे प्रेम म्हणतात का?" तुझा हा मेसेज मंगळवारी रात्री आला आणि त्याखाली नाशिकचा तो व्हिडिओ. आत्याच्या मांडीवर तुझी चिमी, आत्याच्या हातात मऊ भाताची वाटी, कोणीतरी समोर मोबाईल नाचवतंय, आणि चिमीनं मोबाईलकडे बघून आ केला रे केला की घास आत. मागून तुझा आवाज येतो, "आत्या, नको म्हणतेय ती." आत्या म्हणते, "तिला काय कळतंय?"

मला राग आला, पण कोणाचा ते ठरेना. तुझी आई व्हिडिओ बघून "किती छान खातेय गं" म्हणून मोकळी झाली. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी म्हटलं, सविस्तरच लिहू. चिमी झोपली की सवडीनं वाच. घाई नाही.

तू जे करतेयस ते मला पटलेलं आहे, हे आधी धरून चाल. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मग ती आधाराशिवाय बसायला लागली, मान सावरायला लागली, जिभेनं घास बाहेर ढकलायची थांबली, तेव्हा तू वाफवलेल्या गाजराचे बोटाएवढे तुकडे तिच्यापुढे ठेवलेस. उचलायचं तिनं, चावायचं तिनं, थांबायचंही तिनं. दूध चालूच. गिल रॅपली या ब्रिटिश हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळांच्या घरी जाणाऱ्या नर्सबाईंमुळे ही 'बेबी-लेड वीनिंग' पद्धत सगळीकडे पोचली, हेही तूच मला सांगितलंस. तुझी आई प्रत्येक ठसक्याला उठून उभी राहते म्हणून मी स्वतः शोधून वाचलं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात यावर नीट अभ्यास झालाय. स्वतःच्या हातानं खाणारी बाळं चमच्यानं खाणाऱ्यांपेक्षा जास्त गुदमरत नाहीत, असं त्यात दिसलं. पण त्या आयांना कोणता पदार्थ कसा कापून द्यायचा हे आधी शिकवलेलं होतं. ते वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं.

वेळेबद्दल तर तुझं आणि आत्याचं भांडण नाहीच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने पुरे झाले की वरचं अन्न, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आत्याचं गणित वेगळ्या वाटेनं तिथेच पोचतं: मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम. चिमीचं म्हणून सातव्यात. तू सहा महिने भरताच गाजर हातात दिलंस हे कळल्यावर तिचा मला फोन, "अरे, मग ती आधीच उष्टावलीय! आता आम्ही कसलं करायचं?" तरी केलंच. मामाचा मान म्हणून तुझा दादा व्हिडिओ कॉलवर, आणि त्याच्या वतीनं घास आत्याच्या बाळूदादानं भरवला. मुखत्यारपत्रावर उष्टावण झालेली आपल्या घरातली चिमी पहिलीच असावी.

मधाचं मात्र तू ठाम राहिलीस ते उत्तम केलंस. "एक बोट चाटवलं तर काय होतंय" असं आत्या म्हणाली असणार, मला तिचा आवाज इथे ऐकू येतो. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. मधात कधीकधी बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि एवढ्याशा बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. आम्हा सगळ्यांना जन्मल्या जन्मल्या मध चाटवलेला आहे आणि आम्ही जगलो, हा काही पुरावा नव्हे.

आणि द्राक्षं. फेब्रुवारीत नाशकात गेलात म्हणजे घरात द्राक्षांची पेटी असणारच. तू एकेका द्राक्षाचे उभे चार तुकडे करत बसलीस आणि आत्या हसली, "नाशकात येऊन द्राक्षाला सुरी लावणारी तू पहिलीच." बाळूदादानं मला हे रंगवून सांगितलं. पण ऐक. आमच्या लहानपणी माई, म्हणजे तुझी पणजी नव्हे, माझी आई, घरातल्या लहानग्याला अख्खं द्राक्ष कधीच देत नसे. ती नखानं साल सोलायची, बी असेल तर काढून टाकायची, आणि उरलेला गर अंगठा आणि तर्जनीत दाबून चपटा करायची. गोल, गुळगुळीत द्राक्ष बाळाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं, हे तिला कोणी पत्रक छापून सांगितलं नव्हतं. हे आत्यानंही पाहिलंय. तिला आठवण करून दिली तर ती सुरी उचलेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मी तो टाळत नाहीये, पण सरळ उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते १९७२ सालचं आहे.

तेव्हा मी सात वर्षांचा, आत्या एकोणीसची. पंचवटीतला वाडा तू पडका पाहिलास, तेव्हा तो गच्च भरलेला होता. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. दिवसभर नोटा छापायचे आणि महिनाअखेर माई शेजारी उसने मागायची, हा आमच्याकडचा कायमचा विनोद. पण पगार होता. माईचं माहेर सिन्नरच्या पूर्वेला, तिथे एरवीही पाऊस बेताचा, आणि त्या वर्षी तर अख्खा महाराष्ट्रच कोरडा. मामा खडी फोडायला सरकारी कामावर जायचा. मामी पोराला घेऊन आमच्याकडे आली. ते पोर सहा-सात महिन्यांचं, चिमीएवढंच म्हण, पण चिमीच्या निम्म्यानं भरेल असं.

मामीचं दूध कमी झालेलं. रेशनवर लाल मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि चावताना दात करकरायचे. मामानं कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, डब्यात साठवून पाठवली होती. मला ती चोरून खायला आवडायची, गोड असायची. मामी ती कढत पाण्यात कालवायची, निवली की बोटाच्या टोकावर घ्यायची आणि पोराच्या ओठाला लावायची. पोर तोंड फिरवायचं. बोट त्या बाजूला. पोर पुन्हा फिरवायचं. मग माई त्याचं डोकं कोपराच्या खळग्यात धरायची आणि आत्या वाटी घेऊन पुढे सरकायची. आत्या चुलीकडे बोट दाखवून मांजर गेलं, कावळा आला, काहीबाही बोलत राहायची. पोरानं बघायला तोंड उघडलं की बोट आत. वाटी रिकामी झाली की तिघी एकमेकींकडे बघायच्या. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त सुकडी संपल्याचं वाईट वाटायचं.

ते पोर जगलं. तू त्याला ओळखतेस. मागच्या वेळी स्टेशनवर घ्यायला आलेला, ढेरीवाला.

तर व्हिडिओतला तो हात आत्यानं तिथे शिकलेला आहे. बाळाला पुरे झालं की नाही हे बाळाला विचारायचं, ही गोष्ट उद्याची वाटी नक्की मिळणार असेल तेव्हाची. त्या स्वयंपाकघरात तशी खात्री कोणालाच नव्हती.

हे लिहिलं आणि लगेच माझं मलाच वाटलं, बरं, पण हे १९७२ आहे का? आत्याच्या फ्रिजचं दार आज लागत नाही इतका तो भरलेला असतो. चिमीचं वजन उत्तम आहे, तुझं दूध चालू आहे. मग तिची मान वळली तर तो घास थांबायला हरकत काय होती? आणि माझंच बघ. मला ताटात काही टाकता येत नाही. पोट भरलं हे मला पोटाकडून कळत नाही, ताट रिकामं झालं की कळतं. डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून तुझी आई मला लहान ताटलीत वाढते, म्हणजे अजूनही माझं पुरे दुसरंच कोणीतरी ठरवतंय. चिमीला हे वळण लागू नये असं तुला वाटत असेल तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

एक गंमत मात्र सांगतो. बाळूदादाचं उष्टावण १९७८ साली आमच्याच वाड्यात झालं आणि मामा मी. बारा-तेरा वर्षांचा, हाफ पँटीवर सोवळं नेसवलेला मामा. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, आजोबांची सोन्याची अंगठी, पाटावर बाळूदादा. मी चमचा पुढे नेला तर त्यानं ओठ असे मिटले की जणू चिकटवलेत. सगळे ओरडायला लागले, भरव, भरव. माईनं चमचा माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला, आणि अंगठी खिरीत बुडवून माझ्या हातात दिली. म्हणाली, नुसती ओठाला लाव. मी लावली. तो गप्प. मग जीभ बाहेर आली, अंगठी चाटली, परत आत गेली. आणि मग त्यानं माझी दोन्ही बोटं धरून स्वतःच तोंडात ओढली. सहा वर्षांपूर्वी डोकं कोपरात दाबून धरणारी माई ती हीच. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, एवढाच फरक मला तरी दिसतो.

त्यानंतर रीतीप्रमाणे त्याच्यापुढे पुस्तक, पेन, मातीचं ढेकूळ, पैसे आणि एक पाना मांडला. ज्याला हात लावेल तो त्याचा पुढचा व्यवसाय. तिथे त्याला कोणी हात धरून काही उचलायला लावलं नाही, सगळे श्वास रोखून बसले. जन्माचा धंदा त्यानं निवडायचा आणि घास मात्र आम्ही. हे मला परवा, तुझा मेसेज आल्यावर, पहिल्यांदा सुचलं. (त्यानं पेन उचललं. आज नाशकातल्या द्वारका चौकाजवळ ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. पाना हातापासून दोन इंच दूर होता म्हणून हुकला, असं आत्या अजून म्हणते.)

आत्याला मी फोन केला. रागावलो नाही, तिच्या वयाला ते शोभणारही नाही. सहज विचारलं, चिमीनं काय काय खाल्लं? ती म्हणाली, "भात तिला विशेष नाही आवडला रे. पण वांग्याच्या भरताला हात घातला आणि कोपरापर्यंत माखून घेतलं. मी काही पुसलं नाही." म्हणजे तुझी पद्धत तिनं बघितलीय. तुझ्यासमोर कबूल करणार नाही, एवढंच.

चिमीला भरव असं मी सांगत नाही, भरवू नको असंही नाही. आम्ही ईस्टरला येऊ तेव्हा तुझ्या घरात तुझे नियम. फक्त तुझ्या आईला एखादा घास हातानं देऊ दे, चिमीनं तोंड उघडलं तरच, हे मी तिला बजावतो. नाही जमलं तर मला खूण कर.

बाकी, आत्यानं तुझ्या बॅगेत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा डबा घातलाय तो उघडलास का? ती नागली बुधवारच्या बाजारात पेठ-सुरगाण्याकडच्या बायका आणतात त्यांच्याकडची. मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून, दळून, वस्त्रगाळ केलेलं पीठ आहे, मोडांमुळे बाळाला पचायला हलकं. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. लोहासाठी मात्र नागलीवर विसंबू नकोस. सहा महिन्यांनंतर बाळाचा स्वतःचा साठा उतरत जातो आणि दुधात लोह थोडंच, तेव्हा तू देतेस ती डाळ, अंडं, चिकन चालू ठेव. लापशी केलीस तर चमचा आला, तो तुला नको. त्यापेक्षा पिकलेलं केळं कुस्करून त्यात पीठ कालव आणि जाडसर धिरडी घाल. मीठ नाही, गूळ नाही. निवल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या काप, तिच्या मुठीतून वर थोडी उरेल अशी. डबा फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन महिन्यांत संपव, नंतर पीठ कडवट लागतं.

तुझा,
बाबा