‘इन अ जिफी’ म्हणजे नक्की किती वेळ?

हिंजवडीत आयटी सपोर्टला नुकतीच लागलेय, टीएल (टीम लीडर) म्हणतो इंग्रजी फार पुस्तकी आहे, मग ब्रिटिश क्लायंटशी बोलताना जिफी, टिक, सेक यातलं काय वापरू, असं तुम्ही विचारलंय. वाचून माझं पहिलं वर्ष आठवलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पुण्यातल्याच एका इंग्रजीच्या क्लासला जायचे. तिथे एक झेरॉक्स मिळाली होती. डावीकडे ‘इन अ जिफी’, ‘इन अ टिक’, ‘हाफ अ मो’, ‘इन अ ट्राइस’, ‘इन टू शेक्स ऑफ अ लॅम्ब्ज टेल’ आणि उजवीकडे सगळ्यांसमोर एकच अर्थ: लगेच. कुठे बोलायचं, कुठे नाही, अक्षरही नाही. मी तो कागद पाठ केला. महिनाअखेरच्या रात्री क्लायंटचा पगाराचा सर्व्हर पडला, तेव्हा चॅटवर ‘बॅक अप इन अ जिफी’, म्हणजे लगेच पुन्हा चालू होईल, असं लिहून मोकळी झाले. डिस्क चेक सुरू होता, तो चालला दोन तास. सकाळी एस्कलेशनची, म्हणजे वरिष्ठांपर्यंत गेलेल्या तक्रारीची, मेल आली, त्यात माझं तेवढंच वाक्य पिवळ्या रंगाने रंगवलेलं. वर्षाचं अप्रेझल त्यात गेलं. फी भरून शिकलेलं वाक्य होतं ते! त्या क्लासचा राग अजून जात नाही.

माझ्या मते हे शब्द आपल्या ‘आलोच’सारखे आहेत. स्वारगेटला बसची वाट बघणारा माणूसही कोथरूडच्या मित्राला ‘आलोच’ म्हणतो, मित्र ते चालवून घेतो. क्लायंट का चालवून घेईल? फोनवर, फाइल उघडेपर्यंत ‘जस्ट अ सेक’ पुरे. ‘टिक’ ब्रिटिशांशी चालतं, अमेरिकनांना ओळखीचं वाटत नाही. ‘ट्राइस’ जुनाट. कोकराच्या शेपटीच्या वाटेला जाऊच नका. आणि काम किती चालेल ते माहीत नसेल, तर यातलं काहीच नको. पुढचा अपडेट २० मिनिटांत देते असं लिहा आणि विसाव्या मिनिटाला द्याच, सांगण्यासारखं काही नसलं तरी. अर्थात माझा अनुभव सपोर्टपुरता, सेल्सवाल्यांचं वेगळं असेल.

जाता जाता: ‘मोमेंटरिली’ लेखी टाळा. अमेरिकन त्याचा अर्थ ‘एवढ्यात’ घेतात, ब्रिटिश ‘क्षणभरापुरतं’; सर्व्हर ‘मोमेंटरिली’ चालू होईल असं लिहिलंत, तर तो क्षणभरच चालणार असं वाचलं जाईल. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जिफी हे खरंच वेळेचं एकक आहे, टायमरचा एक ठोका; २५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २५० ठोके असतील तर, ४ मिलिसेकंद. समोर सर्व्हर सांभाळणारा ॲडमिन असेल तर हेही लक्षात असू द्या. आणि दक्षिण आफ्रिकेचा क्लायंट ‘जस्ट नाऊ’ म्हणाला तर फोन धरून बसू नका. तिकडे त्याचा अर्थ ‘नंतर बघू’च्या जवळ जातो. थोड्या वेळात करणार असतील तर ते ‘नाऊ नाऊ’ म्हणतात.